बैलाची खांदशेकणी आणि माझी कंबर

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाच्या मानेवर घट्टे पडलेले असतात. त्या दिवशी त्याला नाल्यावर नेऊन घासून धुवायचं, संध्याकाळी पळसाच्या पानानं हळद-तूप लावून खांदे शेकायचे आणि मग कानाशी जाऊन म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ बाबा गेल्यापासून हे काम माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा माझ्या पोरानं केलं. मी छपरीत बाजेवर उताणा पडून तिथूनच सूचना देत होतो. बायकोनं गरम विटकर फडक्यात गुंडाळून माझ्या कंबरेखाली सारली आणि म्हणाली, “बैलाचे खांदे वर्सातून एक डाव तरी शेकते कोनी. तुमी त सोताच्या पाठीले कवा इचारलंबी नसन.”

मी काही बोललो नाही. खोकलो तरी कळ डोक्यात जायची, तिथं बोलणार काय?

झालं होतं असं. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं, वर्धा जिल्हा. कोरडवाहू सात एकर. निम्म्यात सोयाबीन, निम्म्यात पऱ्हाटी म्हणजे कापूस, मध्ये तुरीची तासं, म्हणजे ओळी. सोयाबीनवर अळी आली म्हणून फवारणी चालू होती. पंप १६ लिटरचा. त्याचं स्वतःचं वजन धरलं की वीस किलोच्या आसपास ओझं पाठीवर. दिवसाला असे वीस-बावीस पंप. सतराव्या का अठराव्या पंपाला मी तो ड्रमाजवळून उचलला, खांद्यात पट्टा घालायला उजवीकडे वळलो आणि कंबरेत चमक निघाली. खाली बसलो तो बसलोच. शेजारच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघं आले, त्यांनी मला बैलबंडीत घालून घरी आणलं. बंडीचा तो अर्धा कोस मी जन्मात विसरणार नाही.

तालुक्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरून सांगितलं, “मणक्यात गॅप आहे.” आमच्या भागात घरटी एकाच्या मणक्यात गॅप सापडतोच, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. इंजेक्शन, गोळ्या, कंबरेचा पट्टा आणि महिनाभर आराम. भादव्याच्या तोंडावर शेतकऱ्याला महिनाभर आराम सांगायचा म्हणजे काय, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. गोळीनं दुखणं दबायचं, गोळी उतरली की पुन्हा हजर. पंधरा दिवसांनी उजव्या पायात घोट्यापर्यंत मुंग्या यायला लागल्या तेव्हा मात्र मी घाबरलो आणि वर्ध्याकडच्या मोठ्या इस्पितळात गेलो. तिथं एमआरआय झाला. दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर सरकून शिरेला टेकली होती. ऑपरेशनची गरज नाही म्हणाले आणि फिजिओथेरपीच्या खोलीत पाठवलं.

तिथली मुलगी माझ्या पोरीच्या वयाची. तिनं मला पालथं झोपवलं आणि कोपरांवर छाती उचलायला लावली, बस एवढंच. दिवसातून चार-पाच वेळा हे करा, पुढे वाकणं सध्या बंद, ओझं उचलताना गुडघ्यात बसा. तीन आठवड्यांत पायातल्या मुंग्या वर सरकत सरकत गेल्या. शेवटच्या दिवशी मी विचारलं, गावात एक गुरुजी योग शिकवतात, जाऊ का? ती म्हणाली, जा की. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं जुनाट कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी व्यायाम, योग असे उपाय करून पाहावेत अशी शिफारस केली आहे, हेही तिनं सांगितलं. “पण काका, समोर बसून शिकवणारं माणूस पाहिजे. मोबाईलवर पाहून करायचं नाही.” ह्यातलं पहिलं वाक्य मी नीट ऐकलं. दुसऱ्याचं काय झालं ते पुढे येईलच.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय सत्तरच्या पुढे, हडकुळे, चालताना जमिनीवर टाच वाजत नाही असे. नोकरीत असताना उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत नागपूरला रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात जाऊन शिकून आले. तिथं शिकवायचे पैसे घेत नाहीत, म्हणून हेही घेत नाहीत. वर्ग भरतो गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थना मंदिरात. नदीपलीकडे मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम, त्यामुळे आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक गावांत असं एखादं मंदिर आहे: टिनाचं छप्पर, चार खिडक्या, समोर तुकडोजी महाराजांचा फोटो आणि कोपऱ्यात खंजिऱ्या. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. सकाळी साडेपाचला ती जागा रिकामीच असायची, ती गुरुजींनी घेतली.

पानठेल्यावर बातमी माझ्या आधी पोहोचली. “काहून बे, वावरात घाम नाही निघत का तुहा, आता तिथं जाऊन गाळतं?” हसण्यावारी नेलं, पण खरं सांगायचं तर माझाही प्रश्न तोच होता. दिवसभर राबणाऱ्याला योग कशाला? हे शहरातल्या, खुर्चीत बसून पोट सुटलेल्या लोकांचं काम. मी उकिडवा तासभर बसू शकतो, पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतो (घेत होतो), बैलामागं दिवसाला कोसच्या कोस चालतो. मला कोण काय शिकवणार?

पहिल्या दिवशी गुरुजींनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा, कुल्ले, खांदे, डोकं, चारही भिंतीला टेकवा म्हणाले. टाचा टेकल्या, कुल्ले टेकले. खांदे टेकवायला गेलो तर पोट पुढे आलं. डोकं तर भिंतीपासून चार बोटं लांबच राहिलं. जोर लावून टेकवलं तर हनुवटी आढ्याकडे गेली. मग हात कानाला लावून सरळ वर करायला सांगितले. कोपरं वाकडीच. बाजूला सहावीतला एक पोरगा काडीसारखा सरळ उभा होता आणि मी, पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून अंगमेहनत करणारा माणूस, मला नुसतं ताठ उभं राहता येत नव्हतं. ह्याला ताडासन म्हणतात. पुस्तकात ते सगळ्यात सोप्या आसनांत असतं.

घरी येताना डोक्यात तेच. पेरणी, डवरणी म्हणजे कोळपणी, निंदण, फवारणी, कापसाचा वेचा, ओझं, सगळं पुढे वाकून. मागे वाकतो ते दिवसातून एकदा, तेही ढग आले का पाहायला. हात डोक्याच्या वर जातात ते कुटाराचा भारा टाकताना, आणि तोही हिसक्यानं. म्हणजे अंग वापरलं जात होतं भरपूर, पण एकाच बाजूनं, जसं एकाच तासातून वर्षानुवर्षं बंडी गेली की चाकोरी पडते. मेहनत आणि व्यायाम ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला कोणी सांगून पटलं नसतं, भिंतीनं सांगितलं.

मला दिलेली आसनं मोजकीच. मार्जारासन, म्हणजे मांजर झोपेतून उठून करते ते. भुजंगासन, जे त्या फिजिओच्या मुलीनं आधीच शिकवलं होतं, फक्त नाव नव्हतं सांगितलं. शलभासन, एकेका पायानं. गुडघे दुमडून उताणं झोपून कंबर उचलायची ते सेतुबंधासन. मध्ये मकरासनात पालथं पडून राहायचं. बाकीचे सूर्यनमस्कार घालायचे तेव्हा मी बाजूला बसून पाहायचो, कारण त्यात पुढे वाकणं येतं. चार महिने मला एकही नमस्कार घालू दिला नाही.

आसनांपेक्षा जास्त वेळ श्वासाला लागला. हात वर जाताना श्वास आत, खाली येताना बाहेर, एवढं साधं. मला ते जमेना. मी कुठलीही हालचाल दम धरूनच करतो, हे त्या दिवसांत लक्षात आलं. पोतं उचललं की दम धर, पंप घेतला की दम धर, बायकोशी वाद झाला की दम धर. गुरुजी मागून येऊन पाठीवर दोन बोटं टेकवायचे, “सोड.” काय सोडायचं ते कळायला आठ दिवस गेले.

आता ती मोबाईलची गोष्ट. दिवाळीत पुण्याहून पुतणे आले. त्यांच्या मोबाईलवर कोणी एक बाई धडाधड आसनं करत होती. त्यात हलासन आलं. उताणं झोपून पाय डोक्यावरून मागे नेऊन जमिनीला टेकवायचे. हल म्हणजे नांगर. पुतण्या म्हणाला, “काका, हे तं तुमचंच आसन.” मला तेवढंच पुरे झालं. नांगर शेतकऱ्याला नाही जमणार तर कोणाला? माजघरात सतरंजी टाकली, पाय झोकून दिले. पाय गेले मागे, टेकलेही असतील, पण मानेत जे काही झालं त्यानं मी तिथंच आडवा. कंबर वाचली हे नशीब. पुढचे आठ दिवस कोणी हाक मारली की मी आख्खा वळायचो. चिवडा-शंकरपाळे सगळे समोर पाहूनच खाल्ले.

गुरुजींना सांगणं भाग होतं, कारण मान सांगतच होती. ते रागावले नाहीत. विचारलं, “पानी पडल्या-पडल्या वावरात डवरा घालतं का तू?”

“नाही.”

“काहून?”

“चिखल असते. वाफसा याले पायजे.”

“मंग वावराचा वाफसा पाह्यतं, आंगाचा कोन पाहीन?”

ज्यांनी वावर पाहिलं नाही त्यांच्यासाठी: पाऊस पडून गेला की काळी जमीन आधी चिखल असते, पुढे वाळली की दगड होते. ह्या दोन्हींच्या मध्ये एक-दोन दिवस असे येतात की मूठभर माती दाबली तर लाडू होतो आणि सोडला तर फुटतो. तो वाफसा. त्या वेळी अवजार घातलं तर माती आपण होऊन मोकळी होते, जोर लागत नाही. आधी घातलं तर ढेकळं, नंतर घातलं तर बैल मरतो. हे मला बाबांनी दहाव्या वर्षी शिकवलं होतं. अंगालाही तोच नियम लागतो हे कळायला मान आखडावी लागली.

वर्ग सुटताना रोज एक श्लोक म्हणतात, जनार्दनस्वामींचा. ‘समाधानाय सौख्याय नीरोगत्वाय जीवने, योगमेवाभ्यसेत् प्राज्ञो यथाशक्ति निरन्तरम्.’ समाधानासाठी, सुखासाठी, निरोगी राहण्यासाठी शहाण्या माणसानं योगाभ्यास करावा, आपल्या ताकदीप्रमाणे आणि रोज. मी सुरुवातीला ह्यातला ‘यथाशक्ति’ हा शब्द सवलतीसारखा घेतला होता: जमेल तेवढं करा, नाही जमलं तरी चालतं. मान धरल्यावर तोच शब्द मला कायद्यासारखा वाटायला लागला. ताकदीपेक्षा जास्त करायचं नाही, आणि ‘निरंतरम्’ आहे म्हणून कमीही नाही. ह्यात मला जास्त जड कोणतं गेलं म्हणाल तर पहिलं. कमी करणं आमच्या रक्तात नाही. वावरातली एक तास उरली तर अंधार पडेपर्यंत ओढून संपवायची, ही आमची शिकवण.

एका थंडीच्या सकाळी चारच जण आलो होतो. बाहेर धुकं, टिनावरून दव ठिबकत होतं. गुरुजींनी आसनं ठेवली बाजूला आणि बोलत बसले. म्हणाले, योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींच्या जवळपास दोनशे सूत्रांत आसनावर मोजून तीन सूत्रं आहेत. बाकी सगळं मनाचं. आणि त्या तिनातलं पहिलं काय, तर ‘स्थिरसुखमासनम्’. स्थिर आणि सुखाचं असेल ते आसन. दात-ओठ खाऊन केलेलं हलासन हे आसनच नव्हे, असं म्हणून माझ्याकडे पाहिलं. हसले सगळे.

मग योग ह्या शब्दावर आले. धातू ‘युज्’, जोडणे. त्याच धातूपासून संस्कृतात ‘युग’ म्हणजे बैलांच्या मानेवरचं लाकूड, आणि तेच मराठीत घासून घासून झालं ‘जू’. हे ऐकून मी सरसावून बसलो. योग आणि जू एकाच कुळातले! आतापर्यंत मला योग म्हणजे हिमालय, गुहा, जटा असलं काही वाटायचं. जू माझ्या गोठ्यात टांगलेलं आहे.

माझे बैल मोत्या आणि पवळ्या. मोत्या तापट, पुढे ओढणारा. पवळ्या सुस्त. नवे जुंपले तेव्हा जू तिरपं व्हायचं आणि खांदा सोलायचा तो पवळ्याचा नाही, मोत्याचा. जो पुढे धावतो त्यालाच जू चावतं. त्यांची चाल एक व्हायला एक आख्खा हंगाम गेला. मोत्याला मारून काही झालं नाही, कासरा आवळूनही नाही. दोघांना रिकामी बंडी घेऊन रोज थोडं थोडं चालवत राहिलो, बस. गुरुजी बोलत होते आणि मला माझंच दिसत होतं. अंग वावरात पंप मारतंय आणि मन सोसायटीच्या कर्जापाशी, पोरीच्या कॉलेजच्या फीपाशी, औंदा कापसाला भाव काय मिळतो त्यापाशी. माझ्यातला मोत्या कधीच नुसता चालत नव्हता.

पतंजलींच्या अष्टांगांत आसन तिसरं. त्याच्या आधी यम आणि नियम. यमांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. गुरुजींनी अस्तेय समजावलं ते फार छान. अस्तेय म्हणजे चोरी न करणं. “म्हंजे काय, तं धुरा कोरायचा नाही.” दरवर्षी वखरताना शेजाऱ्याच्या धुऱ्यात वीतभर घुसायचं, ही आमच्याकडची जुनी कला. दहा वर्षांत एक तास वाढते. मंदिरात एकदम शांतता झाली. माझा धुराभाऊ माझ्या डाव्या हाताला बसला होता. दोघांनीही सतरंजीचे दोरे मोजले. त्या उन्हाळ्यात आम्ही मोजणी न बोलावता दोघं मिळून धुऱ्यावर दगड रोवले. योगाचे फायदे विचारणाऱ्यांना मी हा सांगत नाही, पण तलाठ्याकडच्या चकरा वाचल्या हे खरं.

प्राणायाम महिनाभरानं सुरू झाला. अनुलोम-विलोम. आधी मोजणं नाही, मग श्वास घेताना चार अंक आणि सोडताना सहा. सोडणं लांबलं की छातीतले ठोके सावकाश होतात, हे मी नाडीवर बोट ठेवून स्वतः पाहिलं. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, श्वास बाहेर जाताना हृदयाची गती थोडी उतरते, हे शरीराचंच काम आहे, जादू नाही. मला जादू नकोच होती.

कपालभातीबद्दल मात्र माझं गावातल्या पुष्कळांशी पटत नाही. टीव्हीमुळे लोकांना योग म्हटलं की पोट हालवणं एवढंच ठाऊक. हठयोगाच्या ग्रंथात ती शुद्धिक्रियांत येते, प्राणायामांत नाही. रक्तदाब जास्त असलेल्यानं, हर्निया असलेल्यानं, पोटुशी बाईनं ती करू नये, हे गुरुजी दर वेळी बजावतात. आमच्यातल्या एकानं तर ‘आता कपालभाती करतो’ म्हणून रक्तदाबाची गोळी बंद केली होती. गुरुजींनी त्याला सांगितलं, उद्या गोळी खाल्ल्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही. आणखी एक समज असा की फवारणीचं विष कपालभातीनं निघून जातं. २०१७ च्या हंगामात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, ते लोक अजून विसरलेले नाहीत, तरी असं बोलतात. विष नाकातोंडात जाऊ न देणं एवढाच उपाय आहे: मास्क, हातमोजे, वाऱ्याकडे पाठ, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. श्वासाचा व्यायाम स्वच्छ हवेतच करायचा.

आता शवासन. हे मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण मला सगळ्यात कठीण तेच गेलं आणि अजून जातं. उताणं झोपायचं, हात अंगापासून दूर, तळवे वर, काही करायचं नाही. पहिल्या दिवशी बायकोला सांगितलं तर म्हणाली, “झोपाचंच होतं तं घरी बाज नव्हती का?” पण झोपायचं नसतं, तेच तर कठीण. हात रिकामे असले की मला अपराध्यासारखं वाटतं. गोठा झाडायचा आहे, वैरण टाकायची आहे आणि मी इथं मेल्यासारखा पडलोय. दोन मिनिटांत डोक्यात सगळी पावती-पुस्तकं उघडायची. व्याज किती, खताची उधारी किती. डोळे मिटलेले आणि आकडे लख्ख. कधी तर बाबा दिसायचे, शेवटच्या दिवसांतले. एकदा मी उठून बसलो आणि गुरुजींना म्हणालो, मला हे नको, मी भुजंगासनच आणखी करतो. ते म्हणाले, आकडे येतात तर येऊ दे, तू फक्त श्वास मोज, एक मोजणी त्यांची चालू दे, एक तुझी.

ह्यानं आकडे गेले नाहीत. कर्ज जसंच्या तसं होतं. पण रात्री दोनला जाग येऊन आढ्याकडे पाहत पहाट करायचो, ते कमी झालं. जाग आली तरी मी उताणा होतो, तळवे वर करतो, सहा अंकांचा श्वास सोडतो आणि बहुतेक वेळा तीस श्वासांच्या आत कधीतरी झोप लागते. मला कोणी विचारलं की योगानं काय मिळालं, तर मी कंबर आधी सांगत नाही, ही झोप सांगतो.

कंबर पूर्ण बरी झाली म्हणणार नाही. ढगाळ दिवसात ठणकते. सलग पाच-सहा दिवस वर्ग चुकला की मागून कोणीतरी हळूच चिमटा काढल्यासारखी आठवण देते. वेच्याच्या दिवसांत आमचा वर्ग ओस पडतो, बायामाणसं पहाटेच कापसाला जातात, आणि तेव्हाच त्याची जास्त गरज असते. मी तेव्हा वावरातच दर तासाभरानं उभा राहून हात कानाला लावतो, मागे वाकतो. सुरुवातीला वेचणाऱ्या बाया पदरात हसायच्या. हल्ली त्यांच्यातल्या दोघी-तिघी ओटी बाजूला ठेवून कंबरेवर हात देऊन मागे वाकतात आणि मग हसतात. बायकांचा वर्ग संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर अर्धा तास असतो, कारण सकाळी पाणी आणि चूल त्यांना सोडत नाही. माझी बायको काही येत नाही. “माह्यं शवासन रातीच होते,” म्हणते. ह्यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

बदललं ते हे: पंप आता बॅटरीचा आणि दहा लिटरच भरतो, चकरा वाढल्या तरी चालतील. पोतं दोघं मिळून उचलतो. आणि भिंतीला डोकं टेकतं, हनुवटी न उचलता. त्याला चौदा महिने लागले. हलासन अजून करत नाही. करावंसं वाटतही नाही.

२१ जूनचा एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरात हा दिवस ठरवला, २०१५ पासून जगभर होतो. आमच्या शाळेच्या मैदानावरही झाला. साठेक माणसं, बॅनर, भोंगा, शेवटी केळी. ज्यांना मी कधी उकिडवं बसताना पाहिलं नाही असे पुढारी पहिल्या रांगेत वृक्षासनात एका पायावर, आणि दुसऱ्या पायाखाली कार्यकर्त्याचा हात. फोटो निघाले. २२ तारखेला पहाटे मंदिरात नेहमीचे सात. गुरुजींनी हजेरी घेतल्यासारखं मोजलं आणि म्हणाले, बरं झालं, गर्दी ओसरली.

त्या वर्षी मृग बरा बरसला म्हणून आम्ही सगळ्यांनीच घाई केली, बियाणं टाकून मोकळे झालो. आणि पाऊस गेला. पंधरा दिवस आभाळाकडे पाहून माना दुखल्या. वर आलेलं सोयाबीन दुपारी मान टाकायचं. दुबार पेरणी करायची तर बियाण्याला पैसा कुठला? वर्गात कोणी काही बोलत नव्हतं. सकाळी सातही जण यायचे, बहुतेक घरात बसवत नव्हतं म्हणून. शवासनात सगळे पडलेले आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच वावर.

सोळाव्या दिवशी आम्ही तसेच पडलो होतो. गुरुजींचा सावकाश आवाज चालू होता, पायाची बोटं सैल, घोटे सैल, गुडघे सैल. टिनावर एक थेंब वाजला. कोणी हललं नाही. मग दोन-चार. मग टिनावर ज्वारी ओतावी तसा आवाज झाला आणि माझ्या डाव्या-उजव्या बाजूचे सगळे ताडकन उठून दाराकडे पळाले. धुराभाऊ सतरंजीत पाय अडकून पडता पडता वाचला. गुरुजी मागून ओरडत होते, “कुशीवर वळून उठा रे! कुशीवर वळून!”

मी वळलो कुशीवर, कारण कंबर आहे. हात टेकला, बसलो, उभा राहिलो. दाराशी गेलो तोवर माझ्या चपला पाण्यानं भरल्या होत्या.